खोऱ्यात मावतील तेवढीच

– नाय ताई, तिथं नका बसू, तिथनं तुमचा निळा रुमाल दिसतो त्यांना. इकडं सरका, कुडाला टेकून बसा. हां, असं. आता त्या भोकातनं बघा – दिसला का बैल? तो नाय, तो दगड हाय. दगडाच्या डाव्या अंगाला. वन खात्याच्या साहेबांनी स्वतः चार जणांना विचारून आणलाय, म्हातारपणानं मेलाय, टोचलं-बिचलं काय नाय. वीस दिवसांनी आज पहिलं ढोर पडलंय इथं. गिधाडं येतील, पण लगेच नाय यायची. ऊन तापलं पाहिजे, खालची हवा गरम होऊन वर चढली पाहिजे, तवा त्यांचा पंख उचलतो. दहा वाजतील, साडेदहा वाजतील. तवर आपण या खोपीत बसायचं. चहा आणलाय मी बाटलीत, कोराच हाय, गूळ घातलेला – चालंल ना? घ्या. बोलायचं तर बोला बिनधास्त, गिधाडाचा सगळा जीव डोळ्यात असतो, कानात नाय. मी तर दिवसभर बोलतो. कोणाशी म्हणजे – असंच. माणूस गप तरी किती बसंल?

तो कागद आत्ताच नका काढू. आधी पाखरं मोजा, कागदाचं मागनं बघू. मला ठाऊक हाय त्यात काय हाय. मेलेली गिधाडं – चार. कशानं मेली – दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलेलं ढोर खाल्ल्यानं. परवा आला ना तपासणीचा निकाल? आन् पुढं – ढोर कोणाचं, तिथं नुसती रेघ. साहेब म्हणले असतील, सायलीताई, ती रेघ झिपरूबाबाला विचारून भरा, सोळा वर्षं राखण करतोय तो, पाड्यातली कोंबडी शिंकली तरी त्याला कळतं. म्हणले ना? म्हणणारच. ‘ठाऊक नाही’ असं लिहिलं तर? – नाय चालत. बरं. मंग राहू द्या थोडा वेळ. चहा गार होतोय तुमचा.

मघाशी चढावर तुम्ही विचारलं – बाबा, एवढं खायला घालता, तरी पाखरं अडतिसावर का अडली? मला दम लागला होता म्हणून बोललो नाय, पण चांगलं विचारलं. मी आलो तवा नऊ होती. नऊ. मोजायला दोन हातांची बोटं पुरून एक उरायचं. मंग वाढत वाढत अडतीस झाली, आन् चार वर्षं झाली, अडतीस ती अडतीसच. कधी सदतीस, कधी एकोणचाळीस, पुन्हा अडतीस. नाशकाहून शिकलेले लोक येतात, एक म्हणतो खाणं कमी पडतंय, एक म्हणतो झाडं कमी पडतायत, इथंच बसून भांडतात, माझाच चहा पिऊन. मी काय म्हणतो – सगळंच लागतं, आन् जे पहिलं संपतं ते ठरवतं. खाणं लय हाय पण घरटं करायला उंच झाड नाय, मंग झाडं असतील तेवढीच जोडपी. झाडं हायत पण ढोरं मरत नायत, मंग खायला मिळंल तेवढीच पाखरं. ढोरं का मरत नायत? अहो, मरायला आधी असायला पाहिजेत की. माझ्या लहानपणी या पाड्यात दोनशेवर ढोरं होती, आता ट्रॅक्टर येतो भाड्यानं, दोन तासांत चिखल करून जातो, बैल पाळतो कोण? आन् सगळं असलं तरी यांना पिल्लू वर्षाला एकच. अंडंच एक घालतात. नर-मादी दोघं आळीपाळीनं बसतात त्याच्यावर, एक बसलं की दुसरं खायला जातं, दुसरं आलं की पहिलं. त्यातलं एखादं उन्हानं जातं, एखादं कावळे ओढतात. म्हणून खोऱ्यात मावतील तेवढीच राहतात. जास्तीची एक तर मरतात, नाय तर उठून जातात कुठं तरी. ओरडत नायत, भांडत नायत. एक दिवस मोजायला बसलं की कमी भरतात, बस.

आमच्या पाड्याचंबी तसंच हाय, हसू नका. माझा बाप धरून चार भाऊ, आन् भाताची खाचरं दोन. वर उतारावर थोडी नागली, थोडी वरई. दोन खाचरांत चार चुली कशा पेटतील? दोन चुली उठल्या, त्या गेल्या हरसूलकडं, त्यांची पोरं गेली नाशकाला. मंग राहिलो मी आन् एक चुलतभाऊ, तर आमचीबी पोरं मोठी झाली. बत्तीस घरं हायत पाड्यात, येताना बघितली ना तुम्ही? किती दारांना कडी होती? मोजली नाय? मी रोज मोजतो. दिवाळी झाली की टेम्पो येतो, भांडी, कोंबड्या, तान्ही लेकरं, सगळं टेम्पोत, आन् चालले खाली द्राक्षाच्या बागांवर. छाटणी, मंग डिपिंग – घड औषधात बुडवायचं – मंग तोडणी. शिमग्याला येतील चार दिवस, नाचतील, पुन्हा जातील. आत्ता या घडीला पाड्यात आम्ही सात जण. सातातल्या दोघींना दिसत नाय, एकाला ऐकू येत नाय. मी त्यांच्यातला जवान. बाहत्तर.

मुलगा? हाय ना. मनोज. नाशकात अंबडला कंपनीत हाय, मशीनवर. चांगला हाय पोरगा, दारू नाय, तंबाखू नाय. म्हणतो, बाबा इकडं या. गेलो होतो की. त्याची म्हातारी – म्हणजे माझी चिमणाबाई – ती गेली त्याच्या पुढच्या महिन्यात गेलो. एक खोली, त्यात तो, सून, दोन पोरं, आन् भिंतीला सुनेचा भाऊ, तोबी कामाला आलेला. मी निजलो की कोणाला तरी बाहेर निजावं लागायचं. कोणी काय बोललं नाय हां, सून लय गुणाची. पण मला दिसत होतं ना, मी काय आंधळा हाय? तिथं जेवढी मावतात तेवढी भरलेली होती. अकराव्या दिवशी म्हणलं, पाखरं मोजायचीत मला, साहेब ओरडंल. आलो परत. साहेब कशाला ओरडतोय. मीच सांगितलं असंच.

– आलं का एक? कुठं? नाय, ती घार. शेपटीला खाच दिसली ना, मंग घार. बसा खाली.

धोंडाबाईचं नाव कोणी सांगितलं तुम्हाला? नाय, तुम्ही आत्ता कागदावर पेन्सिलीनं लिहिलंय ते दिसतंय मला, वाचता येतं मला चौथीपर्यंतचं. खोडायचं म्हणून पेन्सिलीनं लिहिलंय, हां. साहेबांनी सांगितलं असंल. तिच्यावरच येणार सगळं, बरोबर हाय, तिच्या वासरानंतरच पाखरं मरायला लागली. सोमवारी एक बैल पडला इथं, गुरुवारी तिचं वासरू, आन् शुक्रवारी पहिलं गिधाड त्या सादड्याच्या झाडाखाली सापडलं. मान खाली घातलेली, अशी, छातीला लागलेली. माणूस लाजून बसतं ना, तसं. मी हातात घेतलं तर जिवंत होतं. चोच उघडली, मिटली. दुपारी गेलं. शनिवारी दोन, रविवारी एक. मीच उचलली सगळी, मीच पिशवीत घालून साहेबांना दिली. आन् पेठच्या रस्त्याकडचं जे झाड हाय ना, त्यावर घरटं होतं, पिल्लू होतं त्यात महिन्याचं, त्याच्या आई-बापातलं एक या चारात होतं. आता एकटं दुसरं बसतं पिल्लावर. खायला जावं तर पिल्लू उघडं पडतं, पिल्लावर बसावं तर खाणार काय आन् भरवणार काय? मी चार-चार तास बघत बसतो त्याच्याकडं. मला माझीच कीव येते ताई, त्याची नाय तेवढी येत. खरं सांगतो.

धोंडाबाईचं वासरू साप चावून मेलं. मला माहिती हाय. मी होतो तिथं. औषध कसलं देतीया ती, तिला पोराचा फोन लावता येत नाय, डॉक्टर कुठनं बोलवंल? पण गावाला वाटतं तिनं मुद्दाम केलं. कारण दोन वर्षांमागं तिची गाय मेली, तवा मी ती पुरायला लावली होती. माझं कामच ते. सोळा वर्षं घरोघर हिंडून मी सांगतोय – बाबांनो, ढोर दुखलं तर हे इंजेक्शन नका देऊ, त्यावर बंदी हाय, आन् दिलंच असंल तर मला सांगा, लपवू नका, ते ढोर पाखरांना नाय टाकायचं, पुरायचं. एका ढोरात चार-पाच पाखरं जातात, जास्तीबी जातात. माझ्याकडं वही हाय, वन खात्यानं दिलेली. ढोर कोणतं, मालक कोण, कशानं मेलं, औषध दिलं का. हो, नाय. मी विचारतो, मी लिहितो, मंगच गाडी येते ढोर उचलायला. तर धोंडाबाईच्या गाईला कोणीतरी टोचलं होतं, ती खरं बोलली, आन् मी म्हणलं, पुरा. ती रडली. आमच्यात ढोर पुरत नायत, माझा बापबी म्हणायचा, जन्मभर ज्यानं आपलं ओढलं त्याला मातीत दाबायचं नाय, आभाळाला द्यायचं. ती गाईच्या अंगावर पडून रडली, म्हणाली, झिपरू, माझी एकच होती रे. मी ऐकलं नाय. चार गडी लावले, छातीएवढा खड्डा केला, दगड लागला तर पहारीनं फोडला. तवा गडी होते. मे महिना होता, सगळे घरी होते.

तिनं मला त्या दिवशी लय बोल लावले, ते सगळ्यांनी ऐकलेत. म्हणून आता सगळे म्हणतात तिनं सूड घेतला. आता तिच्या नावाचा कागद झाला की काय होईल सांगू? तिला दंड-बिंड नाय करणार कोणी, साहेब चांगला हाय. पण पाड्यात तिच्याशी बोलायचे बंद होतील. सातातली ती एक. तिच्याशी बोलायचे बंद झाले तर सहा. आन् त्या सहांतबी मी रोज इथं. तिचं काय राहील?

– बिस्किट खाता? खा. मऊ पडलीत पण चांगली हायत.

सोमवारचा बैल? तो माझा. खैऱ्या. वहीत हाय ना, बघा तुम्ही – मालक झिपरू, वय सोळा, पाय घसरून पडला. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी झाला होता तो. त्याचा जोडीदार पाच वर्षांपूर्वी विकला, त्याला विकवंना. काम काय नव्हतं त्याला, एका बैलाचं काय काम? पण दार उघडलं की बघायचा. चिमणाबाई गेल्यावर दार उघडल्यावर बघणारं तेवढंच एक होतं. मी त्याला सगळं सांगायचो – आज किती आली, कोणतं पाखरू लंगडतंय, मनोजचा फोन आला, नाय आला. पाण्यावर नेत होतो, उतारावर पाय गेला, कमरेतनंच मोडला. उठंना. दोन दिवस हंबरत होता ताई. तुम्ही ऐकलंय का बैलाचं हंबरणं, दुखत असतं तवाचं? पाड्यात एवढी शांतता, की ते सगळ्या घरांतनं घुमायचं, कड्या लावलेल्या घरांतनंबी. मी पाला लावला, शेकलं, काय उपयोग नाय. मंग तिसऱ्या दिवशी टोचल्यावर जरा निजला, मान टाकली माझ्या मांडीवर, संध्याकाळी –

काय?

म्हणालो का मी तसं?

– हां. म्हणालो.

फटफटीवर येतो एक डॉक्टर, आठवड्याच्या बाजारात भेटला होता, तवापासनं त्याचा नंबर होता माझ्याकडं. सरकारी नाय. मीच लोकांना सांगायचो, त्याला बोलवू नका, त्याच्या पेटीत ते असतं. मीच बोलावलं. त्यानं पेटी उघडली, मला बाटली दिसली, मी ओळखली. सोळा वर्षं ओळखतोय. मी नाय म्हणालो असतो तर तो गेला असता. मी म्हणलं, द्या. त्याचं दुखणं थांबवा, बाकी मी बघतो. बाकी काय बघणार होतो? खड्डा. खड्डा करणार होतो, शप्पथ. मनात तेच होतं. सकाळी खैऱ्या गार पडलेला, मी पहार घेतली, घराच्या मागं सुरुवात केली. गुडघ्याएवढाबी नाय झाला ताई. खडक लागला. हाताला फोड आले ते हे बघा, अजून कातडी आली नाय नीट. बैल केवढा, आन् मी केवढा. मनोजला फोन केला. तो म्हणाला, बाबा, सुट्टी नाय, जेसीबी सांगा ना कोणाला तरी. जेसीबी. माझ्या घरामागं सायकलबी शिरत नाय. रागानं नाय म्हणाला तो, मशीन चालू होती मागं, आवाज येत होता, घाईत होता. मंग मी पाड्यात फिरलो. एकेका दारासमोर उभा राहिलो. मला ठाऊक होतं कडी हाय, तरी उभा राहिलो. धोंडाबाई म्हणाली, मी धरते फावडं. ती पंच्याहत्तरीची. तिच्या हातातनं मीच काढून घेतलं. तिला सांगितलं, राहू दे, गाडीच बोलावतो, औषध काय दिलेलं नाय. तिनं माझ्याकडं बघितलं. डॉक्टरची फटफटी तिनं बघितली होती. तिला ठाऊक हाय ताई. सगळं ठाऊक हाय. वीस दिवस झाले, लोक तिला बोलतायत, आन् ती गप हाय. ती एकदाबी म्हणाली नाय, झिपरूला विचारा.

आन् दुसरंबी होतं, तेबी सांगतो, आता काय ठेवायचं. चाळीस दिवस ढोर पडलं नव्हतं इथं. पाखरं यायची, घिरट्या घालायची, जायची. इथं येणारी पंचविसावर आली होती. मला वाटायचं, जातील ही. जागा सोडतील. मंग साहेब म्हणंल, झिपरूबाबा, खोपी बंद करू, आता काय राखायचं. मंग तुम्ही येणार नाय, कॉलेजची पोरं येणार नाय, कोणीच नाय. मी खैऱ्याकडं बघितलं आन् मनात म्हणलं, सगळ्याच ढोरांनी थोडीच मरतात. एवढा मोठा बैल, औषध कुठल्या कुठं पसरलं असंल, कमी झालं असंल. मी हे म्हणलं. जो लोकांना सोळा वर्षं सांगतोय त्यानं हे म्हणलं. गाडी आली, पोरं ओळखीची. वही मीच उघडली, मीच भरली. औषध – नाय. आन् इथं या भोकापाशी बसून मी बघितलं, अठ्ठावीस उतरली होती, लय दिवसांनी. तासाभरात खैऱ्याची हाडं राहिली. मला बरं वाटलं होतं ताई. माझा बैल आभाळात गेला म्हणून बरं वाटलं होतं. चार दिवस.

पेन्सिल ठेवा. पेन नाय का? पेननं लिहा. – नाय, असं नका बघू माझ्याकडं, आन् कागद मिटूबी नका. तुम्ही मिटला कागद तर तुम्हाला वाटंल म्हाताऱ्यावर दया केली, आन् धोंडाबाई पाड्यात तोंड लपवून फिरंल. लिहा. ढोर कोणाचं – झिपरूचं. औषध – हो. मालकाला ठाऊक होतं का – हो. नोकरी जाईल, जाऊ द्या. जायलाच पाहिजे. उद्यापासनं मी सकाळी उठून कुठं जाणार, ते मला नाय माहिती, ते तुमच्या कागदात कुठं लिहायचं नसतंय. द्या इकडं, सही करतो. इथं ना?

आता इथं दुसरा माणूस ठेवतील. खालच्या पाड्यातला ठेवतील बहुतेक, भारत हाय एक, हुशार हाय. त्याला माझं एक सांगा. जो मालक तुमच्याशी भांडतो, शिव्या देतो, तो खरं बोलतो, त्याला एकदा विचारलं तरी पुरतं. पण जो गप हाय, ढोराच्या अंगावर हात ठेवून बसलाय, सोडत नाय, त्याला दोनदा विचारायचं. तिसऱ्यांदा विचारायचं. त्याच्याजवळ बसायचं थोडा वेळ, आन् मंग विचारायचं. मला त्या दिवशी कोणी विचारलंच नाय ताई. कोण विचारणार? विचारणारा मीच होतो.

जा आता तुम्ही. मोजणी मी करतो आजची, संध्याकाळी धोंडाबाईच्या दारात जायचंच हाय मला, आकडा तिच्याकडं ठेवीन, तिच्याकडनं घ्या. जा म्हणतो ना.